ठमाबाईच्या खालचा पुठ्ठा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. एकदा मी सांगायला लागलो आणि मध्येच तुम्ही खिदळलात, तर पुढचं सांगायची माझी हिंमत होणार नाही. चुका काय, सगळ्यांच्या हातून होतात. पण एक नवरी, पाच सवाष्णी, आचाऱ्याचा टेंपो आणि अख्खा तलासरी नाका, एवढं सगळं एकाच चुकीत गुंडाळणारा माणूस तुम्ही पाहिलाय का कधी? नाही ना? मग चहा घ्या आणि माझ्याकडे नीट बघून घ्या.

डहाणू रोडला माझं शिवणयंत्रांचं दुकान आहे. विक्री थोडी, दुरुस्ती फार. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. यंत्रं उघडत गेलो, बंद करत गेलो, आणि काय केलं ते रोजनिशीत लिहीत गेलो. यंत्राच्या कुठल्या भोकात तेलाचा एक थेंब सोडायचा आणि कुठल्या भोकात दोन, हे मला झोपेतून उठवून विचारा. थोडक्यात काय, तेल हा माझा विषय! त्यामुळे तेलाबद्दल कुणी मला शिकवायला आलं की मी नुसता हसतो.

हसायचो. हे भूतकाळात घ्या.

तर माझ्याकडे एक जुनी मोटार आहे. मलईच्या रंगाची, गोल डोळ्यांची, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली असलेली. एका चिकूवाडीचे म्हातारे मालक मुलीकडे राहायला गेले, तेव्हा त्यांनी ती माझ्या गळ्यात बांधली. त्यांच्या घरची सगळी शिवणयंत्रं माझ्या हातची, म्हणून विश्वास! चालताना ती कमरेत अशी डोलते की माझ्या बायकोने, सुनंदाने, पहिल्याच दिवशी तिचं नाव ठमाबाई ठेवलं.

ठमाबाई आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या फरशीवर तेलाची एक काळी टिकली! तिसऱ्या दिवशी दोन!

सुनंदा म्हणाली, "फरशी खराब होतेय माझी."

मी म्हणालो, "फरशीचं काय घेऊन बसलीस? इंजिन गळतंय!"

मग मी एक पद्धत घालून घेतली. रोज संध्याकाळी गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवायचा, सकाळी चहाच्या आधी तो ओढून काढायचा आणि थेंब बघायचे. थेंब दिसले की बॉनेट उघडायचं, तेलाची पट्टी ओढून बघायची, आणि गेलं असेल तेवढं तेल वरून घालायचं. शेजारीपाजारी सकाळी सूर्याला नमस्कार करायचे, मी पुठ्ठ्याला.

चारोटीला हायवेवर भरतभाई म्हणून एक मेकॅनिक आहे. जुन्या गाड्यांचा माणूस. त्याच्याकडे ठमाबाईला नेली. त्याने वरचं पॅकिंग बदललं, खालचं पॅकिंग बदललं, ऑइल सील बदललं. हात पुसत म्हणाला, "काका, आता टिपूस पण नाय पडणार. निश्चिंत झोपा."

मी निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा! पण इतकं काम झाल्यावर तेल जरा कमी झालं असेल, म्हणून मी थोडंसं वरून घातलं. आणि त्याच्या पुढच्या दिवशी पुठ्ठा ओढतो तर काय? थेंब!

पुन्हा चारोटी. भरतभाई गाडीखाली शिरला, बराच वेळ आडवा पडून राहिला, बाहेर आला.

"काका, खालून ओलं आहे खरं. पण कुठून येतंय ते नाय कळत."

"म्हणजे पॅकिंग नीट बसलं नाही."

"पॅकिंग नीट आहे."

"मग तेल काय आकाशातून येतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पॅकिंग बदललं. असं किती वेळा झालं ते विचारू नका. शेवटी शेवटी ठमाबाई चारोटीच्या वळणावर आपणहून डावीकडे ओढायला लागली.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

नोटबंदीच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण कुसुम तलासरीला दिलेली आहे. तिची एकुलती एक मुलगी हर्षदा. मुलगा सायवनचा, शाळेत मास्तर, शांत स्वभावाचा. घर तलासरीच्या पाड्यावर आणि लग्नाचा हॉल नाक्यापलीकडे. आमच्याकडे नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा.

भाऊजी म्हणाले, "दादा, मान तुमचाच. पण गाडी आपण भाड्याने घेऊ. पांढरी, एसीवाली. वापीहून येते, फुलंबिलं लावून."

मी काही बोलणार इतक्यात हर्षदाच बोलली. "मी मामाच्या ठमीतूनच जाणार! लहानपणापासून सांगतेय. नाहीतर चालत जाईन."

"अगं, ती वाटेत बंद पडली तर?" भाऊजी म्हणाले. "सायवनवाले काय म्हणतील? मुहूर्त टळला तर?"

"मामा असताना?" असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं.

झालं! आता सांगा, अशी भाची असेल तर मामाने काय करायचं? मी छातीवर हात ठेवला. "भाऊजी, मुहूर्ताच्या आधी नवरी मांडवाच्या दारात. ही माझी जबाबदारी. ठमाबाई दगा देणार नाही."

लग्नाच्या आधी चारोटीला ठमाबाईचं सगळं तेल काढून नवंकोरं घालून घेतलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती तलासरीला नेऊन कुसुमच्या अंगणात उभी केली, कारण सजवायची होती. मला मात्र परत यायचं होतं. लग्नसराईचे दिवस, डहाणूच्या सगळ्या शिंपिणी दुकानासमोर रांग लावून बसलेल्या.

निघताना मी भाऊजींना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, लग्नघरात बाजू नावाची जागाच नसते. दहा माणसं ऐकत होती.

"भाऊजी, हिला थोडं गळायची सवय आहे. खाली पुठ्ठा सरकवलाय, आणि हा तेलाचा मोठा कॅन इथे चाकाजवळ ठेवलाय. बॉनेटखाली हे झाकण. सकाळी आठवणीने थोडं तेल घाला. कोरडी पडली तर इंजिन जाम होईल, आणि मग नवरी..."

सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. कुसुमच्या सासूबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, त्या पाटावर बसून हळद चाळत होत्या. त्यांनी विचारलं, "तेल घातलं नाय तर पोरगी मांडवात नाय पोचायची?"

"नाही पोचायची माई," मी म्हणालो.

"बरं," माई म्हणाल्या आणि पुन्हा हळद चाळायला लागल्या.

त्या 'बरं'मध्ये काय भरलं होतं ते मला तेव्हा कळलं असतं, तर आज सांगायला हा किस्साच नसता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आणि सुनंदा तलासरीला पोचलो. ऊन कडकडीत. ठमाबाई बघितली आणि डोळे निवले! झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं. समोर काचेवर कुणीतरी तांदळाच्या पिठाने चौक काढायला घेतलेला, तो मी पुसायला लावला, नाहीतर रस्ता दिसला नसता.

पहिल्यांदा खाली वाकून पुठ्ठा बघितला. कोरा! एक थेंब नाही!

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला. अहो, कसला आनंद! जी गाडी रोज गळते ती गळत नाही, याचा अर्थ काय? आत गळायलाच काही उरलं नाही!

"भाऊजी! तेल घातलं होतं का?"

भाऊजी डोक्यावर खुर्च्या घेऊन चालले होते. "हो हो, घातलं! मी घातलं ना काल!" असं ओरडून ते दिसेनासे झाले.

लग्नघरातलं 'हो हो' तुम्हाला माहीत आहे. मी बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. आता बघा, या पट्टीवर दोन खुणा असतात. तेलाची रेघ त्यांच्यामध्ये दिसली पाहिजे. मी पट्टी उन्हात धरली. रेघच नाही! वर नाही, खाली नाही. इकडून बघितली, तिकडून बघितली, चष्मा काढून बघितली. टोकापासून मुठीपर्यंत पट्टी नुसती चकचकीत, कुठे रेघेचा पत्ता नाही.

"संपलं," मी सुनंदाला म्हणालो. "पूर्ण संपलंय. एक थेंब नाही आत."

"पट्टी तर ओली दिसतेय," सुनंदा म्हणाली.

"ती घामाने. माझ्या हाताच्या."

"पूर्ण?"

"सुनंदा, तेल हा कुणाचा विषय आहे?"

ती गप्प बसली. अशा वेळी ती गप्प बसते ना, तिथेच माझं नुकसान होतं.

चाकाजवळचा कॅन उचलला तर रिकामा! म्हणजे कुणीतरी कॅनही सांडून ठेवला वाटतं! नशिबाने मी येताना दुसरा कॅन आणला होता. सावध माणूस ना मी! तोच उघडला आणि घातलं तेल. थोडं नाही, चांगलं भरपूर. भाचीच्या लग्नात हात आखडता घ्यायचा का?

इतक्यात आतून हाक आली, "मामा कुठेत? मामांना बोलवा! वेळ झाली!"

हर्षदा बाहेर आली. पिवळा शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातात नारळ. माझे डोळे भरून आले. तिला मागच्या सीटवर बसवली, तिच्या बाजूला सुनंदा आणि करवली. मी पुढे. खिशात रुमाल, डोक्याला फेटा, मनात गणपती. पुढे बँजोवाल्यांची गाडी, मागे वऱ्हाड. किल्ली फिरवली.

ठमाबाई एकदा खोकली, दोनदा खोकली. मग तिच्या पोटातून असा काही आवाज आला, जणू भरल्या पोटी कुणाला जिना चढायला लावलंय! पण सुरू झाली. आणि मागून धूर आला.

धूर म्हणजे मी साधा धूर म्हणत नाही. निळा-पांढरा, जाड, लोळ! आरशात बघितलं तर वऱ्हाड गायब. कुसुमचं घर गायब. घरामागचे ताड गायब!

"मामा, हे असंच असतं ना?" मागून हर्षदा.

"असंच! नवीन तेलाला पहिल्यांदा असाच येतो!" मी म्हणालो. खोटं बोललो हो, देवाशपथ.

पाड्याचा रस्ता संपवून नाक्यावर आलो. बँजोवाले मागे तोंड करून वाजवत होते. वारा फिरला, त्यांच्यातला तुतारीवाला धुरात सापडला, आणि गाण्याच्या ऐन मध्यात तुतारीतून खोकला बाहेर आला. मग सगळेच थांबले.

नाक्यावर तर काय सांगावं! चहाच्या टपरीवरचा एकजण ओरडला, "आग! गाडीत आग! नवरी आहे आत!"

दुकानांमधून माणसं धावली. कुणी वाळूची पाटी घेऊन, कुणी पाण्याचा हंडा घेऊन. उसाच्या रसवाल्याने घाबरून हातातलं होतं ते फेकलं, म्हणजे रस. हायवेकडून गुजरातचा एक ट्रक येत होता, तो कचकन थांबला आणि आतला माणूस ओरडला, "अरे काका, उतरो! उतरो!" आणि सगळे मोबाइल वर करून शूटिंग घेताहेत!

"काही नाही! आग नाही! हे तेल आहे!" मी काचेतून मान काढून ओरडत होतो, तोच बॉनेटखालून ढप्प असा आवाज झाला, काचेवर काळ्या तेलाची पिचकारी उडाली आणि ठमाबाई नाक्याच्या मधोमध बसली. बसली ती बसलीच.

मी उतरलो. बॉनेट उघडलं. तेल कुठून येत होतं विचारू नका, कुठून येत नव्हतं ते विचारा! झाकणातून, पट्टीच्या भोकातून, नळ्यांमधून. इंजिनाला तेलाचा पूर आला होता. मी दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं, जसं काही त्याने पूर थांबणार होता!

आणि मुहूर्त? मुहूर्त जवळ येत होता. हॉल समोर दिसत होता, पण मध्ये उन्हातला रस्ता, तेलाचा चिखल, गर्दी, आणि नवरीचे पाय मेंदीचे. तिच्या वडिलांना मी छातीवर हात ठेवून काय शब्द दिला होता ते आठवून मी झाकण आणखी जोरात दाबलं. भाऊजी धुरातून धावत आले. माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून हॉर्न. आचाऱ्याचा टेंपो! वरणाचं पातेलं, भाताचं पातेलं, जिलेब्यांच्या परातींसह हॉलकडे निघालेला.

हर्षदा ठमाबाईतून उतरली, शालू वर धरला आणि म्हणाली, "मामा, चला. टेंपो."

"अगं, टेंपोतून नवरी? सायवनवाले काय म्हणतील?" भाऊजी कळवळले.

"जेवण तर वेळेवर येतंय ना, मग नवरी पण येऊ दे वेळेवर," ती म्हणाली आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. तिथे दुसऱ्याला जागा नव्हती. मी मागे, वरणाच्या पातेल्याला मिठी मारून उभा. मामाचा मान!

हॉलच्या दारात सायवनची माणसं ओवाळायला ताटं घेऊन उभी. टेंपो आला तसं कुणीतरी म्हणालं, "जेवण मागच्या दाराला न्या!" मग पुढचं दार उघडलं आणि आतून नवरी उतरली. मग नवऱ्या मुलाचे वडील हळूच म्हणाले, "आमच्याकडे नवरीबरोबर जेवण पाठवायची पद्धत नाय. पण चांगली आहे."

हशा पिकला आणि माझा जीव भांड्यात पडला. अगदी वरणाच्या भांड्यात म्हणा!

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. मामा म्हणून मी भाचीच्या मागे उभा होतो. भरून आलं, म्हणून तिच्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला. दोन्ही हात ठेवले.

ते हात मी धुतले नव्हते, हे मला हात उचलल्यावर कळलं. पिवळ्या शालूवर काळेकुट्ट दहा बोटांचे ठसे! फोटोवाल्याने कुठल्याही कोनातून घेतला तरी ते आलेच. आजही सायवनला अल्बम उघडला की पाहुणे विचारतात, हे काय? आणि हर्षदा सांगते, "हा मामाचा आशीर्वाद."

पण थांबा! चूक अजून आलीच नाही.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर पोरांनी ठमाबाई ढकलत कुसुमच्या अंगणात आणली. भरतभाईला चारोटीहून बोलावलं होतं. त्याने खालचा बोल्ट सोडला आणि खाली बादली लावली. बादली भरली. त्याने दुसरी मागितली. तीही भरत आली. तो माझ्याकडे बघायला लागला.

"काका, गाडीत तेल घातलंत, की तेलात गाडी?"

"एवढं तेल आलं कुठून?" मी ओरडलो. "मी सकाळी घातलं ते एवढं नव्हतं! भाऊजी, तुम्ही किती घातलंत?"

"तुम्ही सांगितल्याप्रमाणे थोडंसं," भाऊजी म्हणाले. "माझ्या भावाने पण घातलं असेल. तो म्हणत होता."

ओटीवरून माईंचा आवाज आला. "आणि आम्ही."

"तुम्ही म्हणजे कोण, माई?"

"आम्ही म्हणजे सवाष्णी. काल हळदीला पोरीला तेल चढवलं ना. मग म्हटलं, मामाची गाडी मानाची. तिला तेल नाय घातलं तर पोरगी पोचायची नाय, तूच सांगून गेलास. मग असं मानाचं तेल एकट्या पुरुषाने घालून चालेल काय? पाच जणींनी चढवलं, तुझ्याच कॅनातलं. एकेक तांब्या."

"एकेक तांब्या?"

"मग काय पळी? भाचीचं लग्न आहे, चहा नाय करायचा." माई अभिमानाने म्हणाल्या. "गाणी पण म्हटली. हळदीकुंकू पण लावलं."

पाच सवाष्णी! एकेक तांब्या! गाणी म्हणून! त्यावर भाऊजी, त्यांचा भाऊ, आणि सगळ्यांच्या वरून मी. आणि पट्टीवर रेघ दिसली नाही याचं कारण समजलं का तुम्हाला? पट्टी कोरडी नव्हती. ती मुठीपर्यंत बुडाली होती! तेल तिच्याही वर होतं, रेघ दिसणार कुठून?

मला राग आला. पण तेवढीच सुटकाही वाटली, खोटं कशाला बोलू! म्हणजे दोष माझा नव्हता. मी सगळ्यांना उभं करून तेलाबद्दल एक लहानसं भाषण दिलं. यंत्राला भावना कळत नाहीत, प्रमाण कळतं, वगैरे. माईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. भरतभाई बादल्या उचलत होता. तो म्हणाला, "काका, प्लग साफ केलेत, तेल मापात घातलंय. चार दिवस गाडी इथेच राहू दे. आणि कोणी हात लावू नका."

चार दिवसांनी कुसुमचा फोन. "दादा, तुझी ठमाबाई बरी झाली रे! पुठ्ठा एकदम कोरा आहे. रोज बघतोय आम्ही."

"कोरा?" माझ्या हातातून शिवणयंत्राची सुई पडली. "अगं, मग तेल संपलं असेल! गळायला काहीतरी आत पाहिजे ना! कुणी हात लावू नका, मी येतो!"

दुकान बंद. कॅन घेतला, सुनंदाला घेतलं, तलासरी गाठलं. सगळं घर अंगणात जमलं. नशिबाने हर्षदाही माहेरी आलेली, नवऱ्यासकट. नशिबाने म्हणतोय, पण ते कुणाच्या नशिबाने ते तुम्ही ठरवा.

पट्टी ओढली. तेल अगदी दोन खुणांच्या मध्ये! मला पटेना. चार दिवसांत काहीच गेलं नाही? अशक्य! "असू दे," मी म्हणालो, "थोडं घालून ठेवतो. नेहमीसारखं."

कॅन उचलला, तिरका केला, आणि सगळ्यांना दिसेल अशा सफाईने बारीक धार सोडली. वर्षानुवर्षांचा हात आहे. झाकण लावलं. "आता पुठ्ठा नवा सरकवा," मी म्हणालो, "उद्या सकाळी बघा, थेंब येतो की नाही!"

"उद्या कशाला, मामा?" जावईबापू खाली वाकले होते. मास्तर माणूस, बघायची सवय. "आत्ताच आला."

"काय?"

"थेंब."

टप्प.

सगळे खाली वाकले. मीही वाकलो. टप्प. पुठ्ठ्यावर काळी टिकली, अगदी माझ्या ओळखीची! मग सगळ्यांची नजर खालून वर चढायला लागली. इंजिनाच्या मागच्या अंगावरून, तिथला मळ घेऊन काळा झालेला एक ओघळ येत होता. ओघळ झाकणापासून. झाकणाच्या वर माझा हात. हातात कॅन. आणि कॅनच्या तोंडातून तेल जसं इंजिनात गेलं होतं, तसंच कॅनच्या गळ्याखालून, पातेल्यातून दूध ओतताना खालच्या कडेने वाहतं ना, अगदी तसं, आपल्या वाटेने बाहेरही गेलं होतं.

मी कॅन हळूच पाठीमागे घेतला.

मला एकेक आठवायला लागलं. भरतभाईने पॅकिंग बदललं, पुठ्ठा कोरा. मी वरून तेल घातलं, दुसऱ्या दिवशी थेंब. थेंब बघून मी पुन्हा तेल घातलं. पुन्हा थेंब! पुन्हा चारोटी! गाडी पहिल्या पॅकिंगलाच बरी झाली होती हो. तेव्हापासून गळत होतो तो मी!

शेवटी भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "पण मग पाच जणींनी एवढं तेल घातलं, तेव्हा पुठ्ठ्यावर थेंब कसा नाही पडला?"

माई ओटीवर सुपारी कातरत होत्या. "आम्ही नरसाळं लावलं होतं," त्या म्हणाल्या.

यंत्राला प्रमाण कळतं, वगैरे भाषण मी याच अंगणात दिलं होतं. माईंनी त्याची आठवण काढली नाही. एवढी मोठ्या मनाची बाई मी दुसरी बघितली नाही.

परत येताना ठमाबाई इतकी सुरेख चालली की काय सांगू! धूर नाही, खोकला नाही. चारोटीच्या वळणावर मात्र सवयीने डावीकडे ओढली. मी मान खाली घालून, भरतभाईच्या गॅरेजकडे न बघता गाडी सरळ काढली. सुनंदा सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि सवयीने अंगणात गेलो. ठमाबाईखाली पुठ्ठा नाही!

"सुनंदा, पुठ्ठा कुठे गेला?"

"चहाला या, मग सांगते," ती आतून म्हणाली.

जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. पायाला काहीतरी लागलं. वाकून बघतो तर पांढराशुभ्र नवा पुठ्ठा, माझ्या खुर्चीखाली नीट मधोमध सरकवून ठेवलेला!

"हे काय?"

"जे गळतं त्याच्याखाली ठेवायचा ना?"

माणसाला काही मानापमान असतो की नाही? ताठ बसलो, चहा बशीत ओतला, आणि बशी ऐटीत तोंडाकडे नेली.

टप्प.